सासूबाईंचा अंगठा मशीनला ओळखू येत नाही

अबोली | २ नोव्हेंबर, रात्री १०:१५

दिवाळीला वेंगुर्ल्याला सासरी आले, ती अजून इथेच आहे. सासरे दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत, त्यामुळे रेशन आणायला सासूबाईच जातात. कार्डावर आता दोघांचीच नावं आहेत, आमची ठाण्याला लावून घेतली. काल पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर दुकानात गेले. तिथे जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतेय.

सासूबाईंनी पंचवीसेक वर्षं काजूच्या कारखान्यात बी फोडली. बीच्या टरफलात जे तेल असतं ते लागलं की कातडी भाजते, काळी पडते आणि मग सोलून निघते. हाताला राख आणि खोबरेल चोळून त्या कामाला बसायच्या. काम सोडून सहा वर्षं झाली, तरी उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं काचेसारखी गुळगुळीत आहेत. मी खिडकीशी नेऊन उजेडात धरून बघितली. रेषा म्हणून काही दिसतच नाही, मध्ये दोन-तीन चिरा आहेत तेवढ्याच.

दुकानात ई-पॉस मशीनच्या काचेवर त्यांनी अंगठा ठेवला. लाल उजेड लागला, विझला. परत लावा. पदराला पुसून परत. दुकानदार भला माणूस आहे. त्याने काच ओल्या फडक्याने पुसली, त्यांचं बोट स्वतःच्या हाताने दाबून धरलं. असं सहा वेळा झालं, मागे रांग ताटकळलेली. सहाव्या वेळेनंतर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माका मशीन ओळखणा नाय गो." त्यांच्या आवाजात लाज होती. चूक त्यांची काहीच नव्हती आणि तरी लाज त्यांना वाटत होती. तो दुकानदार त्यांना तीस वर्षं नावाने ओळखतो, त्याच्याचसमोर आपण कोण हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. "उद्या परत या, सकाळी गारव्यात कधीकधी होतं" असं सांगून त्याने आम्हाला परत पाठवलं. दोघांचं मिळून दहा किलो धान्य.

मला समजून घ्यायचंय की माझा फोन भांडी घासून आल्यावरही बोट लावताच उघडतो, मग या मशीनला नेमकं काय हवं असतं? आणि दुसरी काळजी अशी की याच अंगठ्यावर त्यांच्या बँकेतले पैसेही निघतात. गावात एजंट येतो, आधार नंबर आणि अंगठा घेऊन रोख देतो. ज्या अंगठ्याला धान्य मिळत नाही, तो पैशांसाठी कितपत सुरक्षित समजायचा?

रेघोटी | २ नोव्हेंबर, रात्री ११:०२

अबोली, आधी एक सांगा. नकार आला तेव्हा मशीनच्या पडद्यावर आकडा कोणता दिसला? ३०० की ३३०? दुकानदार बहुतेक वेळा नुसतं "फेल" म्हणतात, पण या दोन आकड्यांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे आधारधारकाने बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय, तिथे बोट शंभर वेळा लावलं तरी उपयोग नाही.

सविस्तर उद्या लिहितो. बरीच वर्षं ठसे घेणाऱ्या यंत्रांच्या चाचणीचं काम केलंय.

अबोली | २ नोव्हेंबर, रात्री ११:२०

३०० होता. पावतीच्या कागदावरही छापून आलाय, माझ्याकडे आहे.

गोदातीर | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

ताई, मी नांदेड जिल्ह्यात तो "एजंट"च आहे. बँकेचा बीसी, म्हणजे बँकेच्या वतीने गावात पैशांचे व्यवहार करून देणारा. त्यामुळे माझी बाजू मांडतो, राग मानू नका.

माझ्या गावापासून बँकेची शाखा १८ किलोमीटर. २०१६ च्या आधी म्हाताऱ्या माणसांना निराधारचे पैसे काढायला एक दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचं भाडं घालवावं लागायचं. तिथे गेल्यावर स्लिप भरून द्यायला कुणाच्या तरी हातापाया पडायचं. ज्यांच्याकडे एटीएम कार्ड होतं त्यांचा पिन सगळ्या गल्लीला पाठ, कारण लक्षात राहत नाही म्हणून कार्डाच्या पाकिटावर लिहून पुतण्याच्या हाती द्यायचे. पुतण्या किती काढायचा आणि किती आणून द्यायचा हे देवाला माहीत. आज तीच आजी माझ्या ओट्यावर येते, आपला अंगठा आपण लावते, पैसे स्वतः मोजून घेते. सही न येणाऱ्या बाईच्या हातात स्वतःचा व्यवहार पहिल्यांदा आला तो या अंगठ्यामुळे. ही गोष्ट चर्चेत विसरू नये एवढंच म्हणणं.

ठसा न लागण्याचा त्रास मात्र खरा आहे. वीटभट्टीवाले, ऊसतोडीवरून परतलेले, गवंड्याच्या हाताखाली सिमेंट कालवणारे, यांचे अंगठे मार्च-एप्रिलमध्ये तर लागतच नाहीत.

रेघोटी | ३ नोव्हेंबर, दुपारी १:१०

गोदातीर, छान लिहिलंत. आता मशीनला काय हवं असतं ते सांगतो.

बोटाच्या रेषांचा फोटो जसाच्या तसा जुळवत नाहीत. रेषा कुठे संपते आणि कुठे तिला दोन फाटे फुटतात, अशा जागा शोधतात. त्या प्रत्येक जागेचं ठिकाण आणि रेषेची दिशा यांचा एक नकाशा बनतो. तुमच्या बोटाचा आज घेतलेला नकाशा आणि नोंदणीच्या वेळचा नकाशा शेजारी ठेवून किती जागा जुळल्या त्यावर गुण दिले जातात. गुण ठरावीक रेषेच्या वर गेले तर "हो", खाली राहिले तर "नाही". आधारचा सर्व्हर मशीनला एवढंच उत्तर पाठवतो, हो किंवा नाही. किती थोडक्यात हुकलं हे दुकानदाराला कधीच कळत नाही.

सासूबाईंच्या अंगठ्यावर फाटेच शिल्लक नाहीत, त्यामुळे नकाशा बनायला मालच नाही. उलट त्या चिरांना मशीन रेषा तुटल्या असं समजतं आणि खोट्या जागा मोजतं. चुना, सिमेंट, काजूचं तेल, सतत पाण्यात काम, वयाने सुकलेली कातडी, या सगळ्यांनी असंच होतं. केमोथेरपीच्या काही औषधांनीही बोटांच्या रेषा जातात, कॅपेसिटाबिन हे त्यातलं माहितीतलं नाव.

तुमचा फोन वेगळ्या परिस्थितीत काम करतो. त्याला फक्त तुम्हालाच ओळखायचंय. नोंदणी तुम्ही अलीकडे, त्याच सेन्सरवर, बोट दहा-पंधरा वेळा उचलून-ठेवून केलीत. कित्येक फोन दर यशस्वी वेळी जुना नमुना थोडा सुधारून घेतात, म्हणजे बोट बदलत जातं तशी फोनची आठवणही बदलते. आणि नाहीच जुळलं तर फोन तुम्हाला उपाशी ठेवत नाही, पिन मागतो. आयफोनच्या टच आयडीत पाच चुका झाल्या की पासकोड टाकावाच लागतो. म्हणजे फोनमध्ये बोट ही सोय आहे, खरी किल्ली पिन. रेशनच्या मशीनवर मात्र बोट हीच एकुलती किल्ली होऊन बसलीय. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

आता करायचं काय. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात, अंगठाच लावला पाहिजे असा कुठेही नियम नाही. सगळे सवयीने अंगठा लावतात, कारण आपल्याकडे "अंगठा" शब्दच रुळलाय. बी फोडताना सगळ्यात कमी वापरलं जाणारं बोट कोणतं ते सासूबाईंना विचारा आणि ते लावून बघा. बहुतेक डाव्या हाताची अनामिका किंवा करंगळी निघेल. आदल्या रात्री हाताला खोबरेल चोळून झोपायचं, सकाळी हात धुऊन कोरडे करायचे, आणि बोट टोकाने टेकवायचं नाही, पेर पूर्ण सपाट ठेवायचं. जोरात दाबलं की रेषा एकमेकींत मिसळतात. दुकानदाराने बोट दाबून धरलं तो मदतच करत होता, पण त्याने काम बिघडलंही असेल.

पंचवटी | ३ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

अबोलीच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. आमच्या घरात हे घडलंय.

माझ्या वडिलांच्या खात्यातून मागच्या वर्षी दोन दिवसांत तीन वेळा दहा-दहा हजार गेले. ओटीपी आला नाही, कुणाचा फोन आला नाही, लिंक उघडली नाही. मेसेज आले होते, पण दुपारी बाबा झोपलेले. पासबुक भरून आणलं तेव्हा व्यवहारापुढे एईपीएस लिहिलेलं, म्हणजे आधार नंबर आणि अंगठ्यावर पैसे काढायची ती पद्धत. बाबा नाशिकला आणि पैसे निघाले दुसऱ्या राज्यात. शाखेत गेलो तर पहिलं वाक्य ऐकलं, "अंगठा तुमचाच लागलाय, म्हणजे तुम्हीच काढले असणार." ७४ वर्षांच्या माणसाला हे ऐकवलं गेलं. बाबा त्यानंतर कितीतरी दिवस स्वतःच्या बोटांकडे बघत बसायचे.

ठसा कुठून गेला ते आजवर कळलं नाही. त्याच्या आधी चार महिन्यांपूर्वी त्यांनी जमिनीच्या व्यवहारात प्रत्येक पानावर अंगठे दिले होते आणि सोबत आधारची झेरॉक्स जोडली होती, एवढं खरं.

निरंजन_वात | ३ नोव्हेंबर, रात्री ९:०५

पंचवटी, हे वाचून फार वाईट वाटलं. शाखेतल्या त्या वाक्यात मोठी चूक आहे. अंगठा जुळला म्हणजे माणूस तिथे होता असं धरता येत नाही.

२०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमीन नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलले, रबरी शिक्के करण्याच्या पद्धतीने त्यांचे साचे बनवले आणि ते लावून दुसऱ्यांच्या नावावर हजारो सिम चालू केली. कागदावर आधार नंबर आणि ठसा शेजारी शेजारी मिळाले तर चोराला बँकेचं नाव सोडून दुसरं काहीच शोधावं लागत नाही. एईपीएसमध्ये पिन नाही, ओटीपी नाही. नंबर, बँक आणि बोट एवढंच. एका वेळी दहा हजारांची मर्यादा आहे, म्हणूनच तुमच्या वडिलांचे दहा-दहा हजारांनी गेले.

वकिली करतो म्हणून नियम सांगतो, इतरांना उपयोगी पडेल. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणी फसवलं, अशा व्यवहाराची तक्रार बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर ग्राहकावर एका रुपयाचीही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवसांत केली तर जबाबदारी मर्यादित राहते. तक्रार झाल्यावर बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची असते. ग्राहकाने निष्काळजीपणा केला हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. लेखी तक्रार द्या, पोच घ्या, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तोंडी बोलून परत येऊ नका.

पंचवटी | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आम्ही दुसऱ्याच दिवशी लेखी दिलं होतं, म्हणून पैसे अडीच महिन्यांनी परत मिळाले. बाबा त्या शाखेत पुन्हा गेले नाहीत.

उत्तरवारा | ४ नोव्हेंबर, पहाटे ३:१५

हॅम्बुर्गहून लिहितोय. ठशाची नक्कल हा विषय इथे फार जुना आहे. जपानमध्ये मात्सुमोतो नावाच्या संशोधकाने २००२ सालीच जिलेटिनची बोटं करून त्या वेळचे कित्येक स्कॅनर फसवून दाखवले होते. २०१३ ला टच आयडीचा आयफोन बाजारात आला आणि काही दिवसांतच जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या गटाने काचेवरचा ठसा उचलून तो उघडला. २०१४ ला त्याच गटातल्या एकाने, त्या वेळच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांच्या हाताच्या लांबून काढलेल्या फोटोंवरून त्यांच्या अंगठ्याचा ठसा तयार केल्याचं जाहीर केलं. मंत्रीण बाई पत्रकार परिषदेत बोलत होत्या, एवढंच निमित्त.

आणि २०१५ मध्ये अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या माहितीची जी चोरी उघड झाली त्यात ५६ लाख लोकांचे ठसे गेले. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. त्या ५६ लाख लोकांनी बोटं कुठून बदलायची?

रेघोटी | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

नक्कल पकडायची यंत्रंही सुधारली आहेत, ते सांगायला हवं. जुन्या स्कॅनरमध्ये ठशाची माहिती संगणकात आल्यावर कुलूपबंद व्हायची, म्हणजे मध्येच कुणी जुना साठवलेला ठसा घुसवू शकायचा. नव्या एल-वन प्रकारच्या यंत्रांत हे कुलूप स्कॅनरच्या आतल्या चिपमध्येच लागतं. २०२३ पासून आधारने ठशाच्या नकाशाबरोबर बोटाचं चित्रही तपासायला सुरुवात केली, जेणेकरून बोट जिवंत आहे की रबराचं ते कळावं.

पण यातला पेच असा आहे. गुणांची ती रेषा वर नेली, तपासणी कडक केली, की चोर कमी आत येतात आणि सासूबाईंसारखे खरे लोक जास्त बाहेर राहतात. रेषा खाली आणली की उलट. दोन्ही चुका एकाच वेळी शून्य करणारं यंत्र मी आजवर पाहिलेलं नाही. म्हणून कामागणिक ठरवायला हवं की कोणती चूक जास्त महाग. बँकेतून पैसे जाताना चुकून "हो" म्हणणं महाग. रेशनच्या दुकानात चुकून "नाही" म्हणणं महाग, कारण तिथे कुणाचं तरी जेवण आहे.

गोदातीर | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

आमच्या धंद्यातली एक वाईट गोष्ट मीच सांगतो. काही एजंट एकदा अंगठा घेतात, पैसे निघतात, आणि आजीला म्हणतात "फेल झालं, परत लावा". दुसऱ्यांदाही निघतात. हातात एकदाचेच पैसे देतात. ज्या माणसाला मशीनने खरोखरच दहा वेळा नाकारलंय, त्याला यात संशय येत नाही. ठसा न लागण्याची सवय झाली की चोराचं फावतं.

म्हणून सगळ्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगा की प्रत्येक वेळी छापील पावती मागायची, फेल झालं तरी फेल झाल्याची पावती मागायची. खात्याला चालू मोबाईल नंबर जोडा. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या जूनमध्ये आमच्यासारख्यांची नीट पडताळणी करायची सक्ती बँकांवर केलीय. मला त्याचा आनंदच आहे, चार जणांमुळे सगळ्यांचं नाव खराब होतं.

अबोली | ४ नोव्हेंबर, दुपारी २:४५

गोदातीरदादा, मनापासून आभार. इतक्या मोकळेपणाने कुणी लिहीत नाही.

हे सगळं वाचून बायोमेट्रिक लॉक करून टाकावं असं काल रात्री मनात आलं. एमआधार ॲप उघडून बसले. आणि मग लक्षात आलं की लॉक केलं तर बोट, बुबुळ, चेहरा सगळंच बंद. दर महिन्याला रेशनच्या दिवशी कुणीतरी ॲपमध्ये जाऊन, ओटीपी टाकून, दहा मिनिटांपुरतं उघडायचं, आणि त्या दहा मिनिटांत रांगेत नंबर लागायला हवा. सासूबाईंचा फोन बटणांचा. तो ओटीपी ठाण्याला माझ्या फोनवर यायचा. म्हणजे माझ्यासारखी, जिला अंगठा कुठेच लावावा लागत नाही, ती लॉक लावून निर्धास्त. आणि ज्यांचं पोट अंगठ्यावर आहे त्यांनी तो उघडा ठेवायचा. हे मला अजिबात पटत नाहीये. संरक्षणाची गरज कुणाला जास्त आहे?

निरंजन_वात | ४ नोव्हेंबर, दुपारी ४:००

अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. तुमच्या बाबतीत मधला मार्ग असा: आधार उघडंच ठेवा, पण बँकेत अर्ज देऊन खात्यावरची एईपीएस पैसे काढण्याची सोय बंद करून घ्या. कित्येक बँका हे करतात. रेशनचा अंगठा चालू राहील, खात्याचं दार तेवढं बंद होईल. सासूबाईंना एजंटकडून पैसे घ्यायची गरज असेल तर मात्र विचार करून ठरवा, नाहीतर गोदातीर म्हणतात तसे १८ किलोमीटर पुन्हा नशिबी येतील. शिवाय आधारच्या संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांत कुठे कुठे पडताळणी झाली त्याची यादी दिसते. ती दर महिन्याला बघा. तुमच्या ओळखीचा नसलेला व्यवहार तिथे लगेच दिसतो.

आता कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाच्या, २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ ला आधारच्या निकालात चार विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा टिकला. अनुदान आणि लाभांसाठी आधार मागता येईल म्हटलं, पण खासगी कंपन्यांना आधार वापरायची मोकळीक देणारा कलम ५७ चा भाग रद्द केला. एकटे न्यायमूर्ती चंद्रचूड विरोधात होते. पण बहुमताच्या निकालातही पडताळणी फसली म्हणून खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवू नये ही काळजी स्पष्ट आहे. आधार प्राधिकरणानेच ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगितलंय की बोट लागलं नाही तर बुबुळ, ओटीपी, आणि तेही नाही तर रजिस्टरमध्ये नोंद करून लाभ द्यावा. दुकानदाराला हे माहीत असतं. वरून विचारणा होईल म्हणून तो ते रजिस्टर उघडत नाही. तुम्ही "अपवाद नोंदवही" हा शब्द वापरून मागा, आणि नकार दिला तर तहसील कार्यालयात पुरवठा निरीक्षकांकडे लेखी द्या.

हळदओली | ४ नोव्हेंबर, सायंकाळी ७:२५

२०१७ मध्ये झारखंडमध्ये एका मुलीचा भूकबळी गेला तो असाच ना, अंगठा न लागल्यामुळे?

निरंजन_वात | ४ नोव्हेंबर, सायंकाळी ७:५०

सिमडेगा जिल्ह्यातली ११ वर्षांची मुलगी. तिथे अंगठ्याचा प्रश्न नव्हता, कुटुंबाचं रेशनकार्ड आधारशी जोडलं नाही म्हणून रद्द झालं होतं. घरचे म्हणाले भुकेने गेली, सरकारने मलेरिया सांगितला. दोन गोष्टी वेगळ्या आहेत म्हणून दुरुस्ती केली, पण तुम्हाला ती आठवण झाली यात काही चूक नाही.

मोडीवाला | ४ नोव्हेंबर, रात्री ११:३०

जुन्या कागदपत्रांचा अभ्यास करतो, म्हणून एक आठवण. व्यवहारात हाताचा ठसा घेण्याची गोष्ट बंगालमध्ये १८५८ साली घडली. हुगळी भागात विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या मालाचा करार लिहून घेतला आणि खाली त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे सही नाकारायची त्याची हिंमत होऊ नये, हा हेतू हर्शेलनेच नंतर लिहून ठेवलाय. ठसे शोधायची वर्गवारी बसवली ती अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी, कलकत्त्यात १८९७ ला जगातलं पहिलं ठसे केंद्र निघालं, आणि पद्धतीला नाव मात्र लागलं त्यांच्या वरच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं.

कोनाईच्या शब्दावर साहेबाचा विश्वास नव्हता म्हणून पंजा घेतला गेला. अबोली, तुमच्या सासूबाईंना दुकानात जी लाज वाटली, ती वाचताना मला तो कागद आठवला.

आणि आधारचीही सुरुवात आपल्याच राज्यातली. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. तिथल्या आदिवासी बाईच्या हातात, शहरातल्या कुणाच्या नाही.

उत्तरवारा | ५ नोव्हेंबर, पहाटे २:४०

अबोली, एक व्यावहारिक प्रश्न. चेहऱ्याने होत नाही का? माझे वडील पुण्यात असतात. गेल्या नोव्हेंबरपासून निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला ते घरी बसून फोनवर चेहरा दाखवून देतात. डोळे मिचकवायला सांगतं, झालं. त्याआधी दोन वर्षं बँकेत बोट लागत नव्हतं म्हणून त्यांना तीन-तीन फेऱ्या पडायच्या.

रेघोटी | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

चेहरा ठसे पुसलेल्यांना वरदान आहे, पण त्याला कॅमेऱ्याचा बरा फोन, नेट आणि उजेड लागतो. दुकानात ती सोय आहे का ते विचारा. बुबुळ मला जास्त आवडतं. काजूचं तेल डोळ्याच्या आत पोचत नाही आणि बुबुळातली नक्षी वयाने फारशी बदलत नाही. काही दुकानांतल्या नव्या मशीनला बुबुळ स्कॅनर जोडलेला असतो, पण तो खोक्यातच पडून असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तरी बहुधा चालतं, कारण बदलतात ते भिंग, बुबुळाचा रंगीत पडदा तसाच राहतो. ऑपरेशनमध्ये बाहुलीचा आकार बदलला असेल तर अडतं.

आणि उद्याच्या उद्या आधार केंद्रात जाऊन बायोमेट्रिक अपडेट करा. नोंदणी २०१२ ची असेल तर नकाशा तेव्हाच्या बोटांचा आहे. १२५ रुपये लागतात.

अबोली | ७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आज सगळं एकदम सांगते.

परवा रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंना विचारलं, बी फोडताना कोणतं बोट कमी लागायचं. त्यांनी उत्तर तोंडाने दिलं नाही. पाट ओढून बसल्या, उजव्या हाताने समोर नसलेला दांडा धरला, डाव्या हाताने नसलेली बी उचलून पात्यात ठेवली. तर्जनी, मधलं बोट आणि अंगठा, तिघांच्या चिमटीत. सहा वर्षांनीही हात आपसूक चालत होता. अनामिका आणि करंगळी वर उचललेल्या, तेल लागू नये म्हणून. मी टॉर्च लावून बघितलं तर डाव्या अनामिकेवर रेषा होत्या. बारीक, पण स्पष्ट, गोल गोल फिरत गेलेल्या. त्यांनाही नवल वाटलं. कितीतरी वेळ त्या बोट दिव्याजवळ धरून बघत होत्या.

काल सकाळी हात धुऊन, कोरडे करून दुकानात गेलो. दुकानदाराला सांगितलं, दाबू नका, त्या स्वतः ठेवतील. पहिल्या वेळी नाही लागलं. दुसऱ्या वेळी लागलं. मशीनमधून बाईचा आवाज आला आणि पावती सरकली. सासूबाईंनी पावती घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. दहा किलो आणलं.

अपवाद नोंदवहीचं विचारलं. दुकानदार आधी गप्प राहिला, मग खालच्या खणातून काढून दाखवली. पानं कोरी आहेत. म्हणाला, "लिहिलं की चौकशी माझी होते, वहिनी." त्याच्यावर राग धरता येईना. पण पुढच्या वेळी कुणाचं अडलं तर लिहाल का, म्हटलं, तर हो म्हणालाय. तहसीलला लेखी अर्ज मी दिलाय, की नोंद केली म्हणून दुकानदाराला त्रास होऊ नये. पोच घेतली, निरंजन यांनी सांगितलं तशी.

आधार केंद्रात अपडेट झालं, दहापैकी चारच बोटं नीट आली, बुबुळं दोन्ही चांगली. एईपीएस बंद करायचं मात्र आम्ही ठरवलं नाही. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, एजंट घरी येतो म्हणून मला कुणाला पैसे आणायला सांगावं लागत नाही, ते राहू दे. खातं त्यांचं आहे. मोबाईल नंबर जोडला, पावती मागायला शिकवलं, आणि त्या खात्यात आता थोडेच पैसे ठेवून बाकीचे दुसरीकडे ठेवलेत.

शेजारच्या काकी अजून कारखान्यात जातात. त्यांचे दोन्ही हात मी काल बघितले, दहाही बोटं गेलीयत, अनामिकासुद्धा. त्यांना बुबुळाशिवाय दुसरा मार्ग दिसत नाही आणि आमच्या दुकानात तो स्कॅनर नाही. रेशन कुठल्याही दुकानातून घेता येतं, तर कुडाळ, सावंतवाडी किंवा वेंगुर्ल्याच्या आसपास बुबुळाचं मशीन चालू असलेलं दुकान कुणाला माहीत असेल तर इथेच लिहा. मी मंगळवारपर्यंत आहे, त्यांना घेऊन जाईन.

गोदातीर | ७ नोव्हेंबर, रात्री १०:०५

ताई, कुडाळला आमच्या बँकेचा एक बीसी ओळखीचा आहे. त्याच्या भावाचं रेशन दुकान आहे. सकाळी फोन करून विचारतो आणि इथे कळवतो.